क्षतिगणन, भूमिका-क्रीडांतील

वीर, जादूगार, राक्षस इ. काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेऊन खेळल्या जाणाऱ्या खेळांत एका पात्राने दुसऱ्यावर केलेल्या प्रहाराचा परिणाम संख्येने ठरविण्याची रीत. या खेळांना भूमिका-क्रीडा म्हणतात. प्रत्यक्ष युद्धातील जखम ही शरीराची, वेदनेची आणि पुष्कळदा मृत्यूची बाब असते. खेळात तिला बेरीज-वजाबाकीचे रूप द्यावे लागते, कारण एरवी प्रहार लागला की नाही याविषयी दोन खेळाडूंत एकमत होणे कठीण असते. क्षतिगणनाच्या बहुतेक पद्धती तीन प्रश्नांची उत्तरे देतात : प्रहार लागला काय, लागला असल्यास किती क्षती झाली आणि ज्याला तो लागला तो आणखी किती सोसू शकेल. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या संख्येला खेळाडू ‘हिट पॉइंट’ म्हणतात; प्रस्तुत नोंदीत तिला ‘जीवनांक’ म्हटले आहे. पात्राच्या जीवनांकातून प्रत्येक प्रहाराची क्षती वजा होत जाते व तो शून्यावर आला, की पात्र मरते किंवा निकामी होते. वरवर पाहता ही रीत साधी वाटते. परंतु तिच्यामागे सु. दोनशे वर्षांचा इतिहास असून तिची मुळे करमणुकीत नसून लष्करी शिक्षणात आहेत.

पूर्वपीठिका : युद्धाचे पटावरील सर्वांत प्रसिद्ध प्रतिरूप म्हणजे बुद्धिबळ. त्याचा उगम भारतातील चतुरंग या खेळात झाला, असे सामान्यतः मानले जाते. हत्ती, घोडा, रथ व पायदळ ही सेनेची चार अंगे त्यात सोंगट्यांच्या रूपाने येतात. बुद्धिबळात मात्र क्षतिगणन नाही. प्यादे वजिराच्या घरात गेले, की वजीर मरतोच. तो जखमी होत नाही आणि प्रहार चुकतही नाही. चौघांनी फाशांवर खेळण्याचा चतुरंगाचा एक प्रकारही भारतात होता व त्याचे वर्णन अल्-बीरूनीने अकराव्या शतकात केले आहे. तथापि त्यातही फाशाने कोणती सोंगटी हलवावयाची एवढेच ठरे. झुंजीचा निकाल ठरत नसे. फाशाचे दान आणि शस्त्राचा घाव यांची सांगड घालण्याची कल्पना पुढे यूरोपात उदयास आली.

ब्रंझविक येथील गणिताचा अध्यापक योहान क्रिस्टिआन लूटव्हिख हेलव्हिग (१७४३–१८३१) याने १७८० मध्ये बुद्धिबळाचा विस्तार करून एक युद्धक्रीडा प्रसिद्ध केली. तिच्या पटाला १,६१७ घरे असून निरनिराळ्या रंगांनी डोंगर, नदी, दलदल इ. भूप्रकार दाखविले जात. भावी अधिकाऱ्यांना युद्धशास्त्राची ओळख करून देणे, हा तिचा एक हेतू होता. परंतु सोंगटी मारण्याची रीत मूलतः बुद्धिबळाचीच राहिली. खऱ्या रणांगणावर तुकडी एका क्षणात नाहीशी होत नाही. ती हळूहळू झिजते. ही झीज हेलव्हिगच्या खेळात दाखविता येत नव्हती.

प्रशियन युद्धक्रीडा : ही उणीव प्रशियन तोफखान्यातील अधिकारी गेओर्ख हाइन्रिख रूडोल्फ फोन राइसव्हिट्स (१७९४–१८२७) याने दूर केली. त्याच्या वडिलांनी ब्रेस्लौ येथे अशा एका खेळाचा आरंभ केला होता व तो प्रशियाच्या राजाला दाखविलाही होता. मुलाने त्यात मूलभूत बदल करून १८२४ मध्ये आपले नियम प्रसिद्ध केले. घरांचा पट काढून टाकून त्याने १ : ८,००० प्रमाणाचे नकाशे वापरले. खेळातील प्रत्येक पाळी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे, असे ठरविले आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एका पंचाची योजना केली. खेळाडू आपल्या आज्ञा पंचाकडे देत. सोंगट्या हलविणे, नुकसान मोजणे व प्रत्येक पक्षाला काय दिसते ते सांगणे, ही कामे पंच करी.

क्षतिगणनाच्या दृष्टीने राइसव्हिट्सच्या पद्धतीत दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक म्हणजे प्रत्येक तुकडीला ठराविक गुण देण्यात आले होते. तिच्यावर गोळीबार झाला, की त्यांतून काही गुण वजा होत व त्याची नोंद कागदावर ठेवली जाई. एका मर्यादेपलीकडे हानी झाल्यावरच तुकडी पटावरून उचलली जाई. आजच्या जीवनांकाचे हेच पूर्वरूप होय. दुसरी गोष्ट म्हणजे हानीचा आकडा फाशाने ठरे. त्यासाठी पाच खास फासे होते. त्यांच्या प्रत्येक बाजूवर अनेक आकडे व चिन्हे कोरलेली असून परिस्थिती अनुकूल आहे की प्रतिकूल, मारा बंदुकीचा आहे की तोफेचा, यांनुसार त्यांतील योग्य आकडा वाचावयाचा असे. हे आकडे मनाने ठरविलेले नव्हते. गेर्हार्ट फोन शार्नहोर्स्ट (१७५५–१८१३) या प्रशियन सेनानीने बंदुका व तोफा यांच्या परिणामकारकतेविषयी प्रत्यक्ष चाचण्यांतून गोळा केलेल्या माहितीचा त्यांना आधार होता. विशिष्ट अंतरावरून झाडलेल्या किती गोळ्या लक्ष्याला लागतात, हे मोजून त्या प्रमाणावरून फाशाचे आकडे बसविण्यात आले. फासा येथे जुगाराचे साधन राहिला नाही. अनिश्चिततेचे मापन करणारे उपकरण बनला. सरसेनाप्रमुख कार्ल फोन म्यूफ्लिंग याने या खेळाची शिफारस केली आणि प्रशियाच्या पलटणींतून त्याचा प्रसार झाला. राइसव्हिट्सने मात्र १८२७ मध्ये आत्महत्या केली. १८६६ व १८७०–७१ च्या युद्धांत प्रशियाला विजय मिळाल्यावर इतर देशांच्या सेनांनीही अशा युद्धक्रीडा सुरू केल्या.

तक्ता की पंच : राइसव्हिट्सच्या नियमांना पुढे आक्षेप घेतले गेले. तक्ते, फासे व नोंदी यांमुळे खेळ संथ होतो आणि अनुभवी पंचाला जे एका दृष्टिक्षेपात कळते, ते शोधण्यासाठी त्याला पाने उलटावी लागतात, अशी टीका याकोप मेकेल इ. अधिकाऱ्यांनी केली. यूलिउस फोन व्हेर्दी द्यू व्हेर्न्वा याने १८७६ मध्ये मुक्त युद्धक्रीडेचा पुरस्कार केला. तीत तक्ते व फासे बाजूला सारून पंचाने स्वतःच्या लष्करी ज्ञानाच्या आधारे निकाल द्यावा, अशी योजना होती. नियमबद्ध गणित श्रेष्ठ की जाणत्याचा विवेक श्रेष्ठ, हा वाद तेव्हापासून क्षतिगणनाच्या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित झालेला आहे.

या वादाचे गांभीर्य दुसऱ्या महायुद्धातील एका प्रसंगावरून ध्यानात येते. मिडवे बेटावरील स्वारीपूर्वी, मे १९४२ मध्ये, जपानी नौदलाने ‘यामातो’ या युद्धनौकेवर मोहिमेची नकाशावरील तालीम केली. मित्सुओ फुचिदा व मासाताके ओकुमिया या नौदल अधिकाऱ्यांनी नंतर लिहिलेल्या वृत्तांतानुसार, तालमीत मिडवेवरील शत्रुविमानांनी जपानी विमानवाहू नौकांवर हल्ला चढविला, तेव्हा पंच असलेल्या ओकुमियाने फासे टाकून नऊ बाँब लागल्याचा व ‘आकागी’ आणि ‘कागा’ या दोन नौका बुडाल्याचा निर्णय दिला. तालमीचे सूत्रसंचालक अ‍ॅडमिरल उगाकी यांनी बाँबची संख्या नवावरून तीनवर आणली, त्यामुळे फक्त ‘कागा’ बुडाली. पुढच्या टप्प्यात तीही पुन्हा तरंगती दाखविण्यात आली. ४ जून १९४२ रोजीच्या प्रत्यक्ष लढाईत या दोन्ही नौकांना अमेरिकन विमानांनी जबर तडाखा दिला आणि एकूण चार जपानी विमानवाहू नौका नष्ट झाल्या. सोयीचा निकाल मिळावा म्हणून गणित वाकविण्याचे उदाहरण म्हणून हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. परंतु त्याला दुसरी बाजूही आहे. मिडवे बेटावरून उडालेल्या विमानांचा एकही बाँब प्रत्यक्षात जपानी विमानवाहू नौकांना लागला नाही. त्यांचा नाश अमेरिकन नौकांवरून आलेल्या विमानांनी केला. म्हणजे ज्या हल्ल्याचा निकाल उगाकी यांनी खाली आणला, त्यापुरता त्यांचा अंदाज फाशापेक्षा वस्तुस्थितीला अधिक जवळचा होता. त्यांची चूक आकड्यात नव्हती. त्या आकड्याने सुचविलेल्या धोक्याचा पुढे विचार झाला नाही, ही खरी उणीव होती.

करमणुकीच्या युद्धक्रीडा : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युद्धक्रीडा छंद म्हणूनही रूढ होऊ लागल्या. फ्रेड टी. जेन (१८६५–१९१६) या इंग्रज लेखकाने १८९८ मध्ये नाविक युद्धाच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात नौकेच्या चित्रावर टाचणी बसविलेल्या फळीने टोला मारावयाचा व टाचणी जेथे रुतेल तेथील चिलखताच्या जाडीवरून नुकसान ठरवावयाचे, अशी रीत होती. नौकांची चित्रे व माहिती देणारा त्याचा ग्रंथ याच खेळाला पूरक म्हणून निघाला आणि पुढे जगातील नौदलांविषयीचा प्रमाणभूत वार्षिक ग्रंथ बनला. एच्. जी. वेल्स (१८६६–१९४६) याने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम दिले. त्याने फासे वर्ज्य केले. स्प्रिंगच्या छोट्या तोफेतून लाकडी गोळी उडवून जो शिपाई पडेल तो मेला, असे तो मानीत असे; हातघाईच्या लढाईत दोन्ही बाजूंचे सारखेच शिपाई काढून टाकले जात.

अमेरिकन लेखक फ्लेचर प्रॅट (१८९७–१९५६) याच्या नाविक युद्धक्रीडेत क्षतिगणन अधिक सूक्ष्म झाले. तोफांचा व्यास, चिलखताची जाडी, वेग व वजन यांवरून सूत्राने प्रत्येक नौकेचे एकूण गुण काढले जात. शत्रूचा गोळा लागला, की त्या तोफेच्या ताकदीनुसार गुण कमी होत आणि त्या प्रमाणात नौकेचा वेग व मारकशक्तीही घटे. येथे जखमी होणे आणि दुर्बळ होणे या गोष्टी एकत्र जोडलेल्या होत्या. पुढील काळातील बहुतेक भूमिका-क्रीडांनी हा दुवा सोडून दिला. त्यांत एक जीवनांक उरलेला वीरही पूर्ण शक्तीने लढतो.

चार्ल्स एस्. रॉबर्ट्स (१९३०–२०१०) याने १९५४ मध्ये ‘टॅक्टिक्स’ हा पटावरील खेळ काढला व १९५८ मध्ये अ‍ॅव्हलॉन हिल ही कंपनी स्थापली. हल्लेखोर व बचाव करणारा यांच्या बळांचे गुणोत्तर काढावयाचे, एक फासा टाकावयाचा आणि तक्त्यातून निकाल वाचावयाचा, ही त्याची पद्धत अमेरिकेत घरोघरी पोहोचली. पुढे भूमिका-क्रीडा निर्माण करणारी पिढी अशा खेळांवर वाढली होती.

तुकडीकडून व्यक्तीकडे : येथवर सोंगटी म्हणजे पलटण, तोफखाना किंवा नौका असे. ती नष्ट झाल्याने खेळाडूचा डाव बिघडे, पण त्याला शोक होत नसे. सु. १९७० नंतर अमेरिकेच्या मिनेसोटा व विस्कॉन्सिन राज्यांतील छांदिष्टांच्या मंडळांत ही स्थिती बदलली. मिनेसोटातील डेव्हिड वेझली याने १९६९ मध्ये ‘ब्राउनश्टाइन’ नावाचा खेळ मांडला. त्यात खेळाडूंना सैन्याऐवजी एका गावातील निरनिराळ्या व्यक्तींच्या भूमिका देण्यात आल्या. त्याचा सहकारी डेव्ह आर्नसन (१९४७–२००९) याने या कल्पनेला अद्भुताची जोड देऊन ‘ब्लॅकमूर’ हे काल्पनिक जग उभे केले.

दरम्यान विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स (१९३८–२००८) व जेफ पेरन यांनी मध्ययुगीन लढायांसाठी ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक १९७१ मध्ये प्रसिद्ध केले. त्यातील द्वंद्वयुद्धाच्या तक्त्यात एका बाजूला शस्त्रे व दुसऱ्या बाजूला चिलखताचे प्रकार दिलेले असून, सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी वा अधिक आली, की प्रतिस्पर्धी मरे. जखम हा प्रकार नव्हता. पुस्तकाच्या अखेरीस अद्भुत प्राण्यांविषयी पुरवणी होती. तीत ‘वीर’ चार माणसांच्या बळाने लढे आणि त्याला मारण्यासाठी एकाच पाळीत चार प्राणघातक प्रहार लागावे लागत. तीनच लागले, तर तो जणू काही झालेच नाही असा पुढच्या पाळीत उभा राही.

ब्लॅकमूरमध्ये हे नियम वापरताना अडचण निर्माण झाली. जो खेळाडू आठवड्यामागून आठवडे एकाच पात्राची भूमिका करतो, त्याला ते पात्र फाशाच्या एका दानाने मरावे हे सहन होत नाही. आर्नसनने नंतर दिलेल्या मुलाखतीत सांगितल्याप्रमाणे, खेळाडूंच्या या नाराजीवर उपाय म्हणून त्याने अमेरिकन यादवी युद्धातील चिलखती नौकांसाठी स्वतः केलेल्या नियमांतून जीवनांक व चिलखत-वर्ग या कल्पना घेतल्या. जे गणित पोलादी जहाजाला किती गोळे सोसतील हे सांगण्यासाठी होते, ते अशा रीतीने माणसाच्या देहाला लागू झाले. या बदलामागे युद्धशास्त्र नव्हते, पात्राविषयीचा जिव्हाळा होता.

१९७४ चे नियम : आर्नसनने आपला खेळ गायगॅक्सला दाखविला व दोघांच्या सहकार्यातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ तयार झाला. गायगॅक्स व डॉन के यांनी १९७३ मध्ये स्थापलेल्या टॅक्टिकल स्टडीज रूल्स या संस्थेने तो १९७४ च्या आरंभी तीन पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध केला. पहिल्या मुद्रणाच्या १,००० प्रती होत्या. त्यात चेनमेलच्या रीतीला पर्याय म्हणून वीस बाजूंच्या फाशावर आधारलेली पद्धत देण्यात आली व तीच पुढे रूढ झाली. तीत चिलखत नसलेल्या माणसाचा चिलखत-वर्ग ९ आणि पोलादी पत्र्याचे चिलखत व ढाल धारण करणाऱ्याचा २ असे. म्हणजे आकडा जितका लहान तितके संरक्षण अधिक. नवशिक्या योद्ध्याला पहिल्यावर प्रहार लागू करण्यासाठी १० किंवा अधिक व दुसऱ्यावर १७ किंवा अधिक दान लागे. प्रहार लागल्यास कोणत्याही शस्त्राची क्षती सहा बाजूंच्या एका फाशाने ठरे.

या नियमांतील संभाव्यता सहज काढता येते. वीसपैकी १० ते २० ही ११ दाने अनुकूल असल्याने चिलखत नसलेल्यावर प्रहार लागण्याची शक्यता ५५ टक्के, तर पूर्ण चिलखत असलेल्यावर ती २० टक्के असते. सहा बाजूंच्या फाशाची सरासरी ३·५ असते. म्हणून प्रत्येक पाळीतील सरासरी क्षती पहिल्या बाबतीत सु. १·९ व दुसऱ्या बाबतीत ०·७ येते. चिलखतामुळे योद्धा अडीचपटींहून अधिक काळ टिकतो. सामान्य माणसाचा जीवनांकही सहा बाजूंच्या एका फाशाने ठरे. परिणामी त्याला लागलेला पहिलाच प्रहार प्राणघातक ठरण्याची शक्यता ३६ पैकी २१, म्हणजे सु. ५८ टक्के होती. चौथ्या पायरीच्या योद्ध्याला ‘वीर’ हीच पदवी असून त्याला चार फाशांइतके, म्हणजे सरासरी १४ जीवनांक मिळत. ३·५ क्षतीचे चार प्रहार झाले, की ते संपत. चेनमेलमधील ‘चार प्रहारांचा वीर’ असा नव्या गणितात जसाच्या तसा उतरला. फरक एवढाच, की आता चार प्रहार एकाच पाळीत पडण्याची गरज नव्हती. जखमा साठू लागल्या. त्यामुळे माघार घेणे, उपचार करणे आणि मरणाच्या दारातून परत येणे हे प्रसंग खेळात शक्य झाले व त्यांतून कथा निर्माण होऊ लागल्या.

खेळाला यश मिळाल्यावर त्याच्या श्रेयाविषयी व मानधनाविषयी दोघांत वितुष्ट आले. आर्नसनने १९७९ मध्ये न्यायालयात दावा दाखल केला व १९८१ मध्ये तडजोड झाली.

शस्त्रभेद व जीवनांकाचा अर्थ : खंजीर व दुहाती तलवार यांची क्षती सारखीच असावी, हे अनेकांना पटले नाही. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत शस्त्रानुसार वेगवेगळे फासे आले. माणसाच्या आकाराच्या प्रतिस्पर्ध्यावर खंजिराला चार, तलवारीला आठ व दुहाती तलवारीला दहापर्यंत क्षती करता येई. जीवनांकही वर्गानुसार बदलले : योद्ध्याला आठ बाजूंचा, तर जादूगाराला चार बाजूंचा फासा मिळाला. यामुळे चार, आठ, बारा व वीस बाजूंचे फासे खेळाची ओळख बनले. आरंभीच्या काळात असे फासे शैक्षणिक साहित्य विकणाऱ्या कंपनीकडून मागवावे लागत. त्यांतील वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ हे अंक दोनदा असत व अर्ध्या बाजू रंगवून १ ते २० मोजावे लागत.

पायरी वाढत गेल्यावर योद्ध्याचे जीवनांक घोड्याहूनही अधिक होऊ लागले, तेव्हा हे शरीर आहे की तटबंदी, असा प्रश्न विचारला गेला. गायगॅक्सने १९७९ च्या आपल्या नियमग्रंथात त्याला उत्तर दिले. त्याच्या मते जीवनांक म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे. घाव चुकविण्याचे कौशल्य, नशीब व दैवी कृपा यांचाही त्यात समावेश होतो आणि प्रत्यक्ष शरीराला लागणारा घाव बहुधा शेवटचाच असतो. हे स्पष्टीकरण तर्कसंगत असले, तरी त्यातून नवी विसंगती उद्‍भवते. प्रहार ‘लागला’ असे म्हणूनही तो अंगाला लागलेला नसतो आणि विषारी शस्त्राचा घाव मात्र लागलाच असे मानावे लागते.

पर्यायी पद्धती : याच सुमारास इतर निर्मात्यांनी निराळे मार्ग चोखाळले. केन सेंट आंद्रे याच्या ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ (१९७५) या खेळात फक्त सहा बाजूंचे फासे वापरले जातात. दोन्ही पक्ष आपापले सर्व फासे टाकून बेरीज करतात. दोहोंतील अंतर ही हरलेल्या पक्षाची क्षती होय. प्रहार लागला काय हा स्वतंत्र प्रश्न येथे उरतच नाही. मिनेसोटा विद्यापीठात उर्दू व दक्षिण आशियाविषयक अध्यापन करणाऱ्या एम्. ए. आर्. बार्कर (१९२९–२०१२) याच्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ (१९७५) या खेळात फाशावर २० आल्यास क्षती दुप्पट होई. असा ‘क्रिटिकल हिट’ खेळाडूंना अतिशय आवडला. गायगॅक्सचा मात्र त्याला विरोध होता. राक्षस एकदाच लढतो व मरतो, परंतु वीराला अनेक लढायांत शेकडो प्रहारांना तोंड द्यावे लागते. तेव्हा दुप्पट क्षतीचा नियम अंती वीरालाच अधिक मारक ठरतो. संभाव्यतेच्या दृष्टीने हे बरोबर आहे, तरीही लोकांची आवड टिकली आणि २००० च्या आवृत्तीत हा नियम अधिकृत झाला.

स्टीव्ह पेरिन व त्याचे सहकारी यांच्या ‘रूनक्वेस्ट’ (१९७८) या खेळाने चिलखताची कल्पनाच बदलली. मध्ययुगीन शस्त्रांच्या लुटुपुटीच्या लढाया प्रत्यक्ष खेळणाऱ्या मंडळाशी पेरिनचा संबंध होता. त्याच्या नियमांत प्रहार लागण्याची शक्यता लढणाऱ्याच्या कौशल्याच्या टक्केवारीने ठरते, प्रतिस्पर्ध्याला तो अडविण्याची संधी मिळते, घाव कोणत्या अवयवावर पडला हे दुसऱ्या फाशाने कळते आणि चिलखत त्या घावातून ठराविक क्षती शोषून घेते. दोन्ही पद्धतींतील भेद उदाहरणाने स्पष्ट होईल. चार बाजूंच्या फाशाची सरासरी क्षती २·५ व दहा बाजूंच्या फाशाची ५·५ आहे. चिलखताने केवळ प्रहार लागण्याची शक्यता कमी केली, तर दोन्ही शस्त्रे सारख्याच प्रमाणात दुर्बळ होतात. परंतु त्याने प्रत्येक घावातून तीन वजा केले, तर खंजिराची सरासरी ०·२५ वर, तर दुहाती तलवारीची २·८ वर येते. मूळचे सु. १ : २ हे प्रमाण १ : ११ इतके होते. चिलखतावर खंजीर जवळजवळ निरुपयोगी, हा अनुभव वजाबाकीच्या पद्धतीने अधिक चांगला दाखविला जातो. मात्र तिला वेळ व नोंदी अधिक लागतात. ‘आर्म्स लॉ’ (१९८०) या नियमपुस्तकात तर प्रत्येक शस्त्रासाठी स्वतंत्र तक्ता असून त्यात वीस प्रकारच्या चिलखतांचे रकाने आहेत. राइसव्हिट्सवर झालेली संथपणाची टीका अशा खेळांवरही झाली.

सुलभीकरण : १९८९ मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या दुसऱ्या आवृत्तीत तक्त्यांऐवजी प्रत्येक योद्ध्याला एकच आकडा देण्यात आला, शून्य चिलखत-वर्गावर प्रहार लागण्यास हवे असलेले दान, हा त्याचा अर्थ होता. त्यातून प्रतिस्पर्ध्याचा वर्ग वजा करावा लागे व वर्ग ऋण असल्यास नवख्यांचा गोंधळ होई. २००० मधील तिसऱ्या आवृत्तीत दिशा उलट करण्यात आली. चिलखत-वर्ग १० पासून वर चढू लागला आणि फाशाच्या दानात योद्ध्याचे गुण मिळवून येणारी बेरीज त्याच्याइतकी किंवा अधिक झाली, की प्रहार लागतो, एवढाच नियम राहिला. गणित तेच होते. वजाबाकीच्या जागी बेरीज आली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीनेही हीच चौकट कायम ठेवली.

संगणकावरील क्षतिगणन : इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकप्रणालीवर १९७५ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी भूमिका-क्रीडा रचल्या. ‘रोग’ (१९८०), ‘विझर्ड्री’ (१९८१) इ. खेळांनी कागदावरील नियम यंत्रात आणले. यंत्राला गुणाकार-भागाकाराचा शीण नसल्याने फाशांच्या जागी सूत्रे आली. ‘ड्रॅगन क्वेस्ट’ (१९८६) व त्यानंतरच्या अनेक जपानी खेळांत हल्लेखोराच्या आक्रमणांकातून प्रतिस्पर्ध्याच्या संरक्षणांकाचा काही अंश वजा करण्याची रीत दिसते. वजाबाकीच्या सूत्राचा दोष असा, की दोन्ही अंक जवळ आले म्हणजे अल्प फरकाचा परिणाम अतोनात होतो. आक्रमण २० व संरक्षण १८ असता क्षती २ येते. आक्रमण २२ केल्यास ती दुप्पट होते आणि संरक्षण २० केल्यास ती शून्यावर येते.

‘पोकेमॉन’ (१९९६) या खेळात गुणोत्तराचा अवलंब केला आहे. पात्राच्या पायरीची दुप्पट करून तिला पाचाने भागतात व त्यात दोन मिळवितात. आलेल्या संख्येला प्रहाराच्या शक्तीने आणि आक्रमण व संरक्षण यांच्या गुणोत्तराने गुणून पन्नासाने भागतात व शेवटी आणखी दोन मिळवितात. पायरी ५०, शक्ती ८० आणि आक्रमण व संरक्षण समान असल्यास अपूर्णांक सोडून क्षती ३७ येते. संरक्षण दुप्पट केल्यास ती १९ होते. प्रहाराचा प्रकार प्रतिपक्षाच्या प्रकृतीला मारक असल्यास, उदा., अग्नीवर पाणी, ती दुप्पट होते व उलट असल्यास निम्मी होते. अखेरीस यदृच्छेने तीत थोडी घट केली जाते. या सूत्रात संरक्षण कितीही वाढले, तरी क्षती पूर्णपणे नाहीशी होत नाही आणि दुर्बळालाही चिकाटीने जिंकण्याची आशा राहते.

मूल्यमापन : क्षतिगणनाच्या इतिहासात वास्तवता, वेग व न्याय्यता या तीन अपेक्षांची ओढाताण सतत दिसते. वास्तवता वाढविली, की तक्ते वाढतात; वेग साधावयाचा, तर जखमेचे रूप केवळ एका घटत्या आकड्याचे होते. न्याय्यतेसाठी नियम सर्वांना आधी ठाऊक असावे लागतात, परंतु प्रत्येक नियम ठाऊक असलेला खेळाडू युद्धातील भय व अनिश्चितता अनुभवीत नाही. तो हिशेब करतो. राइसव्हिट्सने यासाठीच गणित पंचाच्या हाती ठेवले होते. संगणकीय खेळांत ते पुन्हा खेळाडूच्या नजरेआड गेले असले, तरी अनेक चाहते खेळाचे अंतर्गत सूत्र शोधून काढतात व त्याची उघड चर्चा करतात. पटाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या खेळांत मात्र अंतिम शब्द अजूनही पंचाचा, म्हणजे ‘डंजन मास्टर’चा असतो. पात्राचा शेवटचा जीवनांक पणाला लागला असता पडलेले दान सर्वांसमोर मांडावे की पडद्याआड ठेवून सौम्य करावे, याविषयी खेळाडूंत मतभेद आहेत. दान बदलणारा पंच पात्राला वाचवितो. परंतु त्यामुळे पुढच्या प्रत्येक संकटातील भय कमी होते आणि संकटातून निभावून जाण्याला जे मोल होते तेही ओसरते.